कान तुटलेला कप

दस्तगीर मिस्त्रींनी प्रमाण कधी कागदावर दिलं नाही.
वखारभागातल्या त्या पत्र्याच्या शेडात
माप म्हणजे कान तुटलेला एक चहाचा कप.
एक कप अळशीचं तेल, दोनदा उकळलेलं.
एक कप वार्निश.
आणि टर्पेंटाइन?
"नाक सांगंल तेवढं."

माझं नाक तेव्हा एकोणीस वर्षांचं,
त्याला हळदीपलीकडं काही कळायचं नाही.
शेजारच्या गोदामात दिवसभर ढोल फिरायचे
आणि पिवळी धूळ येऊन बसायची
ओल्या टेबलावर, पापण्यांवर, डब्यातल्या भाकरीवर.
मी वैतागायचे. मिस्त्री म्हणायचे,
"सागवानाला हळद लागली म्हणायचं, कालिंदे.
फडकं मार, अन् पुढचा हात दे."

आषाढात ते आजारी बहिणीकडं गेले
आणि मी पहिल्यांदा एकटीनं मिसळलं.
गावभागातल्या आरवाडे अडत्यांचं जेवणाचं टेबल,
लाकूड मला तहानलेलं दिसलं
म्हणून तेल दोन कप घातलं, वर आणखी थोडं,
आणि पुसलं नाही.
तहानलेल्याला कुणी मोजून पाणी देतं?

आठ दिवस झाले, बोट चिकटत होतं.
बारा झाले.
तेराव्या दिवशी टेम्पोत चढवून दिलं,
कारण त्यांच्याकडं पाहुणे येणार होते
आणि मला वाटलं, घरच्या उबेत वाळेल.

निरोप आला: येऊन बघून जा.
पाहुण्यांसाठी त्यांनी वर पेपर अंथरला होता.
पेपर निघाला,
अक्षरं राहिली. उलटी.
बेदाणा सौदे, आवक साधारण, दर स्थिर.
आरवाडेकाकूंनी पदरानं हात पुसले, म्हणाल्या,
"आता आरसा धरून जेवायचं व्हय गं?"

परत आल्यावर मिस्त्रींनी टेबलावर अंगठा टेकवला, उचलला.
चट् असा आवाज झाला.
बराच वेळ ते त्या आवाजाकडंच बघत राहिले.
"दिलेलं सगळं लाकूड घेत नाही.
वीस मिनिटं थांबायचं,
अन् उरलेलं आपण परत घ्यायचं.
द्यायला काय, कुणालाबी येतं."

टर्पेंटाइननं दोन दिवस घासलं मी ते टेबल.
सगळी बातमी निघाली,
"स्थिर" तेवढं कडेच्या रेषांत खोल गेलं होतं.
"असू दे," मिस्त्री म्हणाले.

त्याच रात्री मी फडक्यांचा बोळा करून
कोपऱ्यात भिरकावला आणि घरी गेले.
सकाळी कोपरा काळा. अर्धा बाक जळालेला.
काडी नाही, विडी नाही, वायर नाही.
"तेलाची चिंधी मुटकुळी केली की
आतल्या आत तापती, अन् पेटती.
दोरीवर पसरायची. सुटी सुटी."
एवढंच बोलले.
मी बोळा का केला होता, ते विचारलं नाही.

पुराच्या वर्षी आरवाड्यांचं टेबल पुन्हा आलं.
शेडात तेव्हा माझ्या नावाची पाटी होती,
मिस्त्रींचा कप फळीवर.
शहरातलं चकचकीत फर्निचर
सापानं कात टाकावी तसं सोललं जात होतं,
हे फक्त पांढरं पडलं होतं, आजारातून उठल्यासारखं.
ऊन दिलं. मिश्रण दिलं. वीस मिनिटं थांबले.
उरलेलं परत घेतलं.
कडेला ते अक्षर वर आलं,
उलटंच, जरा तपकिरी.

आरवाड्यांच्या सुनेचा मेसेज आला:
काकू, दारंसुद्धा मीच करीन म्हणते,
प्रमाण लिहून द्या ना.
लिहिलं, एक कप तेल, एक कप वार्निश.
टर्पेंटाइनपाशी बोट थांबलं.
तेवढ्यात तिनं विचारलं, कप केवढा?

मी कपाचा फोटो काढून पाठवला.
मागं दोरी आली आहे त्यात,
आणि दोरीवर पाच फडकी,
एकमेकींपासून लांब.